कटअवे चित्र: काप कुठे घ्यायचा इथपासून फाइल सोपवेपर्यंत

यंत्र बंद असेल तर आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि सगळं खोलून मांडलं तर ते यंत्र म्हणून ओळखू येत नाही. कटअवे चित्राची जागा या दोन्हींच्या मधे आहे. कवचाचा थोडा भाग काढायचा, आतलं उघड करायचं, पण बघणाऱ्याच्या मनात वस्तू अख्खीच राहिली पाहिजे. लिओनार्दो द विंचीने १४८९ मध्ये काढलेल्या कवटीच्या एका चित्रात एक बाजू कापलेली आहे आणि शेजारची बाजू जशीच्या तशी आहे. त्यामुळे आतली पोकळी चेहऱ्याच्या नेमक्या कुठल्या भागामागे येते, ते लगेच कळतं. कापून टाकलेल्या भागाला अर्थ येतो तो न कापलेल्या भागामुळे.

या कामात नवे असलेले बरेच जण सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतात. कोणता प्रोग्रॅम, कोणता ब्रश, कोणता ग्रीड. मला हा क्रम उलटा वाटतो. चित्र फसतं ते बहुतेक वेळा काप चुकीच्या जागी घेतल्यामुळे, आणि काप कुठे घ्यायचा हे ठरतं चित्राने कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे त्यावरून. म्हणून इथे प्रश्न आधी, काप नंतर, आणि साधनं त्याच्याही नंतर.

एक पंप, दोन चित्रं

उदाहरण म्हणून सेंट्रिफ्युगल पंप घेऊ. रचना साधी आहे. समोरून पाणी आत येतं, मधोमध इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक, फिरतो, पाणी कडेला फेकलं जातं, शंखासारख्या वळलेल्या केसिंगमधून, म्हणजे व्होल्यूटमधून, ते वर बाहेर पडतं. इंपेलर ज्या शाफ्टवर बसलेला असतो तो मागच्या बाजूने केसिंगबाहेर येतो आणि पुढे बेअरिंगमधून मोटरकडे जातो. शाफ्ट केसिंगबाहेर पडतो तिथून पाणी गळू नये म्हणून मेकॅनिकल सील असतो.

आता समजा दोन क्लायंट एकाच आठवड्यात आले. पहिली पंप बनवणारी कंपनी. त्यांनी सील सुधारला आहे आणि तो माहितीपत्रकात ठळक दिसायला हवा. दुसरा पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक. पंप पाणी वर कसं ढकलतो हे विद्यार्थ्याला कळायला हवं.

पहिल्या चित्रात काप इंपेलरच्या मागे, सीलभोवती घ्यावा लागेल. सीलचे दोन घासणारे चेहरे, एक शाफ्टबरोबर फिरणारा आणि दुसरा स्थिर, त्यांना एकमेकांवर दाबणारी स्प्रिंग, हे सगळं मोठं आणि स्वच्छ हवं. इंपेलर अर्धा झाकलेला राहिला तरी कुणाची तक्रार नाही. दुसऱ्या चित्रात बरोबर उलट. तिथे काप पुढच्या बाजूने, इंपेलरचा मध्य, पाती आणि पसरत जाणारा व्होल्यूट दाखवणारा हवा. सीलचा तपशील रेखाटला नाही तरी चालेल, एक गडद ठोकळा पुरे.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच चित्रात देण्याचा मोह होतो. मग काप इतका मोठा होतो की पंप राहतच नाही, भंगार दिसायला लागतं. म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधी एक वाक्य लिहून ठेवा: ‘हे चित्र पाहून माणसाला अमुक एक गोष्ट कळली पाहिजे.’ वाक्यात ‘आणि’ आला तर क्लायंटला विचारा, चित्रं दोन करायची का.

क्लायंटकडून काय काय काढून घ्यायचं

पहिल्या बोलण्यातच ही माहिती मिळवा: चित्र कुठे छापलं किंवा दाखवलं जाणार, अंतिम आकार किती, बघणारा कोण, कोणत्या तीन गोष्टी दिसायलाच हव्यात, आणि कोणती गोष्ट दिसता कामा नये. शेवटचा प्रश्न नवखे चित्रकार विचारत नाहीत. कंपन्यांची काही आतली रचना गोपनीय असते. पात्यांचा नेमका वक्र, एखाद्या खाचेचा आकार, असं काही चित्रात जसंच्या तसं उतरलं तर ते स्पर्धकाला फुकट मिळतं. काय धूसर ठेवायचं हे त्यांनाच लेखी सांगू द्या.

आणखी एक: मंजुरी कोण देणार? विक्री विभागाला झळाळी हवी असते, इंजिनिअरला प्रत्येक बोल्ट. दोघांचे शेरे वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांविरुद्ध येतात आणि मधे चित्रकार सापडतो. सगळे शेरे एका माणसाकडे जमा व्हावेत आणि सही त्याचीच असावी, असं सुरुवातीलाच ठरवून घ्या. हे मागायला संकोच वाटू देऊ नका.

संदर्भ गोळा करणं

सगळ्यात चांगला संदर्भ म्हणजे कॅड मॉडेल, म्हणजे इंजिनिअरने संगणकावर बनवलेली त्रिमितीय प्रतिकृती. क्लायंटकडे स्टेप फाइल मागा. हा प्रकार जवळजवळ प्रत्येक कॅड प्रोग्रॅममधून काढता येतो, आणि फ्रीकॅडसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडता येतो. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये न्यायची असेल तर आधी तिचं मेशमध्ये, म्हणजे छोट्या सपाट तुकड्यांच्या जाळीत, रूपांतर करावं लागतं.

पण कॅड मॉडेल मिळालं म्हणजे आतलं सगळं मिळालं, असं समजू नका. बाहेरून विकत घेतलेले भाग, म्हणजे बेअरिंग, सील, मोटर, हे मॉडेलमध्ये बऱ्याचदा नुसते भरीव ठोकळे असतात. बनवणाऱ्याने आतला तपशील मुद्दाम काढलेला असतो. स्क्रूचे आटेही बहुतेक वेळा प्रत्यक्ष कोरलेले नसतात. तुम्ही काप घेता आणि बेअरिंगच्या जागी एक करडी अंगठी निघते. आत गोळ्या किती, त्यांना धरून ठेवणारा पिंजरा कसा आहे, हे वेगळं शोधावं लागतं. बेअरिंगचा क्रमांक मागून घ्या. त्यावरून उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये मापं आणि छेद दोन्ही मिळतात.

कॅड नसेल तर छेद दाखवणारा ड्रॉइंग, सुट्या भागांची यादी, दुरुस्तीची पुस्तिका, आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष उघडलेली वस्तू. वस्तू हाताशी असेल तर व्हर्नियर कॅलिपरने मापं घ्या आणि फोटो लांबून, झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि त्यावरून काढलेलं चित्र वाकडं येतं. पेटंटमधली चित्रं सार्वजनिक असतात आणि उपयोगीही पडतात, मात्र बाजारात आलेली वस्तू पेटंटमधल्या चित्रासारखीच असेल याची खात्री धरू नका. दुसऱ्या चित्रकाराचं कटअवे समोर ठेवून काढणं टाळा. त्यात हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय त्याच्या चुकाही तुमच्या होतात. चित्र तयार करून देणाऱ्या एआय साधनांचंही तसंच. बाहेरचं रूप छान येतं, आतले भाग बऱ्याचदा एकमेकांना जोडलेलेच नसतात.

संदर्भ हातात आल्यावर आधी यंत्र समजून घ्या. पंपाचंच बघा. इंपेलरची पाती मागे वळलेली असतात, म्हणजे त्यांची बाहेरची टोकं फिरण्याच्या दिशेच्या उलट झुकलेली असतात. नवख्या माणसाला वाटतं की पाती पाणी उपसतात, म्हणून तो ती पुढे वळवतो आणि अख्खं चित्र उलटं फिरायला लागतं. व्होल्यूटचंही तसंच आहे. त्याची पोकळी फिरण्याच्या दिशेने हळूहळू रुंद होत बाहेर पडायच्या तोंडापर्यंत जाते. तिथे पाण्याचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. पाती, व्होल्यूट आणि फिरण्याचा बाण या तिन्हींची दिशा एकमेकांशी जुळली पाहिजे. इंजिनिअर चित्र हातात आल्या आल्या हेच बघतो.

काप

इथे घाई करू नका. बोटाएवढी पाच-सहा रेखाटनं करा, प्रत्येकात काप वेगळा.

गोल, लांबट वस्तूंसाठी चतकोर काप बहुतेक वेळा चालतो. अक्षाभोवतीचा नव्वद अंशांचा तुकडा काढायचा, कापाचा एक चेहरा आडवा आणि एक उभा. दोन्ही चेहऱ्यांवर भिंतीची जाडी दिसते, आणि तीन चतुर्थांश वस्तू शाबूत राहते. चौकोनी पेटीसारख्या वस्तूचा बघणाऱ्याकडचा कोपरा काढावा. थरांनी बनलेल्या गोष्टी, म्हणजे केबल, टायर, त्वचा, यांना पायऱ्यांचा काप लागतो: प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे थांबतो, त्यामुळे सगळे थर एकामागोमाग दिसतात. फाटल्यासारखी वेडीवाकडी कड फक्त मऊ किंवा नैसर्गिक गोष्टींना शोभते. ओतीव लोखंडाच्या केसिंगला तशी कड दिली की स्फोट झाल्यासारखं वाटतं.

पंपाच्या शैक्षणिक चित्रात एक अडचण लगेच येईल. केसिंग कापलं तरी पाती दिसत नाहीत, कारण अनेक इंपेलर बंद प्रकारचे असतात आणि पात्यांच्या पुढे-मागे तबकड्या असतात. मग पुढच्या तबकडीलाही काप द्यायचा, पण केसिंगच्या कापापेक्षा लहान. बाहेरचा काप मोठा, आतला छोटा, असं ठेवलं तर डोळा आपोआप आत उतरतो. दोन्ही काप एकाच आकाराचे केले तर कुठली कड कशाची हे कळत नाही.

काय कापायचं नाही, यासाठी यांत्रिकी ड्रॉइंगची एक जुनी रीत आहे. शाफ्ट, बोल्ट, नट, पिन, की (शाफ्टवर भाग पक्का धरणारी पट्टी), बेअरिंगमधल्या गोळ्या, हे भाग छेदाच्या रेषेत लांबीने आले तरी अख्खेच दाखवतात. कटअवे चित्रातही ती पाळा. शाफ्ट कापून तुम्हाला आत फक्त भरीव पोलाद दिसणार आहे, आणि बदल्यात चित्राचा कणा गेला. याच न्यायाने ओळखीच्या खुणा वाचवा: फ्लँज, हँडल, नावाची पट्टी, बाहेर पडायचं तोंड. बाहेरच्या आकृतीची सीमारेषा जितकी अखंड, तितकी वस्तू ओळखायला सोपी.

काप घेऊन चालणारच नाही अशी जागा आली तर पारदर्शक पद्धत आहे. बाहेरचं कवच फिकट, काचेसारखं दाखवायचं आणि आतलं ठाशीव. लांबवर जाणारी नळी किंवा वायर यासाठी ती छान. पण पूर्ण चित्र पारदर्शक करू नका. चार थर एकमेकांतून दिसायला लागले की पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं हे कुणालाच कळत नाही.

पातळ पत्र्याचं गणित वेगळं आहे. एक मीटर लांब यंत्र १५० मिलिमीटर रुंदीत छापायचं असेल, तर १ मिलिमीटर जाडीचा पत्रा चित्रात ०.१५ मिलिमीटर येतो. ही तर रेषेचीच जाडी झाली. कापाची कड दिसायलाच हवी, म्हणून पत्रा थोडा जाड दाखवावा लागतो. दाखवा, पण सगळे पत्रे एकाच प्रमाणात, आणि मंजुरीच्या वेळी इंजिनिअरला तसं सांगून.

कुठून बघायचं

आयसोमेट्रिक पद्धत केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये मांडली, तीही यंत्रं दाखवण्यासाठीच. दोन अक्ष आडव्या रेषेशी ३० अंशांवर, तिसरा उभा, आणि तिन्हींवर माप एकच. खऱ्या प्रक्षेपात प्रत्येक अक्षावरची लांबी मूळ मापाच्या सुमारे ८१.६ टक्के होते, पण व्यवहारात पूर्ण मापानेच काढतात. चित्र थोडं मोठं येतं, प्रमाण बिघडत नाही. मापं सरळ घेता येतात, एकच भाग दहा ठिकाणी वापरता येतो, दुरुस्ती सोपी जाते. पुस्तिका आणि सुट्या भागांच्या याद्यांसाठी हीच घ्या.

तोटा असा की समांतर रेषा कधीच जवळ येत नाहीत, त्यामुळे लांब वस्तूचं मागचं टोक रुंद झाल्यासारखं भासतं. जाहिरातीच्या मोठ्या चित्रासाठी दोन किंवा तीन बिंदूंचं यथार्थदर्शन, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा त्या बिंदूंकडे जवळ येत जातात अशी पद्धत, अधिक भारदस्त दिसतं. विमान, जहाज, इमारत अशा लांबलचक गोष्टींना तर तेच हवं.

कोणतीही पद्धत घ्या, खरी परीक्षा लंबवर्तुळांची. वर्तुळ तिरक्या नजरेने लंबवर्तुळ दिसतं आणि त्याचा लहान अक्ष नेहमी त्या वर्तुळाच्या धुरीच्या दिशेत येतो. पंपाचं समोरचं तोंड, इंपेलर, बेअरिंग, कपलिंग, सगळे एकाच शाफ्टवर आहेत, म्हणजे सगळ्यांचे लहान अक्ष एकाच रेषेत यायला हवेत. एखादं जरी तिरकं गेलं तरी तो भाग शाफ्टवरून निसटल्यासारखा दिसतो, आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नसलं तरी खटकतं नक्की. आयसोमेट्रिकमध्ये मोठ्या आणि लहान अक्षाचं प्रमाण सुमारे १.७३ ला १ असतं. ३५ अंशांचा लंबवर्तुळ साचा म्हणतात तो हाच.

इलस्ट्रेटरमध्ये सपाट काढलेला चेहरा आयसोमेट्रिक करायचा तर उंची ८६.६०२ टक्के करा, मग ३० अंशांनी शिअर (तिरकं ढकलणं), मग ३० अंशांनी फिरवणं. चेहरा वरचा, डावा की उजवा यावर अधिक-उणे चिन्हं बदलतात. इंकस्केपमध्ये अक्षमितीय ग्रीड तयार मिळतो. ब्लेंडरमध्ये कॅमेरा ऑर्थोग्राफिक (समांतर रेषा समांतरच ठेवणारा) करून, एका आकारातून दुसरा वजा करणाऱ्या बुलियन मॉडिफायरने काप घेता येतो आणि फ्रीस्टाइल या सोयीने रेषा काढता येतात. मेश कुठे उघडी राहिली असेल तर बुलियन फसतो, म्हणून आधी भोकं बुजवा. संगणकाने काढलेल्या रेषा जशाच्या तशा मात्र कधीच देऊ नका. तिथे प्रत्येक कडेला सारखंच महत्त्व असतं.

रेषा

तांत्रिक चित्रकलेत जाड-बारीक रेषेचा एक नियम आहे आणि नवशिक्याच्या कामात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. कडेला मिळणारे दोन्ही पृष्ठभाग दिसत असतील तर रेषा बारीक. एकच दिसत असेल, म्हणजे पलीकडे पोकळी किंवा मागचा वेगळा भाग असेल, तर रेषा जाड. एवढ्याने वस्तू कागदातून उठून येते, छटा न देताही. जाडी बारीकच्या दुप्पट ठेवली तर चालते. अधिक पायऱ्या हव्या असतील तर आयएसओ १२८ या तांत्रिक ड्रॉइंगच्या आंतरराष्ट्रीय मानकातली ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर ही मालिका घ्या. प्रत्येक पुढची रेषा आधीच्यापेक्षा साधारण १.४ पट जाड आहे, त्यामुळे फरक डोळ्याला कळतो.

चित्र अंतिम आकारात छापून तपासा. पडद्यावर चारशे टक्के मोठं करून काढलेल्या शंभर बारीक रेषा छापल्यावर एक काळा डाग होतात. बोल्टच्या आट्यांचंही तेच. लहान बोल्टवर चार-पाच समांतर वक्र पुरतात.

रंग आणि छटा

कापलेल्या सगळ्या चेहऱ्यांना एकच सपाट रंग द्या, आणि तो रंग चित्रात दुसरीकडे कुठेही वापरू नका. प्रशिक्षणासाठी खरीखुरी यंत्रं कापून ठेवतात, त्यांच्या कापलेल्या कडा बऱ्याचदा लाल रंगवलेल्या असतात. चित्रातही लाल चालतो, फक्त तिथे लाल म्हणजे उष्णता किंवा धोका असा दुसरा अर्थ नसला पाहिजे. बाकीच्या पृष्ठभागांवर छटा फिरते, कापावर ती नाही, एवढ्यावरूनच बघणारा ओळखतो की हा भाग मुद्दाम कापला आहे. शेजारी शेजारी कापलेले दोन भाग वेगळे दाखवायचे असतील तर मधे पातळ पांढरी फट सोडा. तिरप्या रेषा भरायच्या असतील तर दोघांची दिशा उलट ठेवा.

प्रकाश डावीकडून वरून येतो असं धरण्याची प्रथा आहे. पोकळीच्या आत खरं तर अंधारच असेल, तरी तिथे काळं ओतू नका. आतलं दाखवण्यासाठीच तर काप घेतला. आत थोडा परावर्तित प्रकाश आहे असं समजा आणि सर्वांत गडद छटा भागांच्या सांध्यात ठेवा.

प्रवाहाचे बाण शेवटी. त्यांचा रंग धातूच्या रंगांपासून लांबचा हवा.

लेबलं

निर्देशक रेषा एकमेकींना छेदणार नाहीत, शक्यतो सगळ्या एकाच कोनात जातील, आणि टोकाला ठिपका भागाच्या पृष्ठभागावर पडेल, कडेवर नाही. कडेवर पडला तर दोन भागांपैकी कोणता, हे कळत नाही. नावं वेगळ्या लेयरवर ठेवा. तेच चित्र पुढे दुसऱ्या भाषेत जातं, तेव्हा शब्द लांब होतात आणि देवनागरीत वर-खाली मात्रांना जास्त जागा लागते. कडेला मोकळी जागा सोडलेली असेल तर नव्याने मांडणी करावी लागत नाही. भाषा पाच-सहा असतील तर आकडे घालून यादी वेगळी देणं सगळ्यांनाच सोयीचं.

शैक्षणिक काम वेगळं कुठे पडतं

व्यावसायिक चित्राला चूक सांगणारा इंजिनिअर असतो. पाठ्यपुस्तकातली चूक मुलं पाठ करतात, म्हणून इथे सोपं करणं आणि खोटं सांगणं यांतली रेघ जपावी लागते.

पृथ्वीचं अंतरंग घ्या. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. भूखंडांखालचं कवच सरासरी ३५ किलोमीटर धरलं आणि त्रिज्या २० सेंटिमीटरची काढली, तर कवच जेमतेम १.१ मिलिमीटर येतं. महासागरांखाली ते याहून खूप पातळ असतं. पण चित्रांमध्ये हे कवच बोटभर जाड असतं, कारण नाहीतर त्यावर नाव लिहिता येत नाही. विद्यार्थी ती जाडी खरी मानतो. त्यावर उपाय दोन. एक तर मुख्य चित्रात कवच रेषेएवढंच ठेवा आणि शेजारी त्याच जागेचा मोठा केलेला तुकडा द्या. ते शक्य नसेल तर ‘जाडी प्रमाणात नाही’ असं चित्रावरच लिहा, मजकुरात नाही, कारण चित्र पुढे मजकुराशिवायही फिरतं. मला पहिला उपाय कधीही जास्त पटतो.

शरीराच्या चित्रात डावं-उजवं रुग्णाचं असतं, बघणाऱ्याचं नाही. समोरून काढलेल्या हृदयाचा डावा कप्पा आपल्या उजव्या हाताला येतो. डाव्या जवनिकेची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत उजव्या जवनिकेपेक्षा बरीच जाड असते, कारण तिला रक्त संपूर्ण शरीरात ढकलायचं असतं. सममित हृदय दिसायला सुबक वाटतं आणि नेमकी हीच गोष्ट लपवतं. पेशीचे भाग रंगीत दाखवतो ते रंग आपण दिलेले असतात, हेही एका ओळीत लिहावं.

लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारी मुलं बहुतेक वर्गांत सापडतात. म्हणून दोन प्रवाह फक्त या दोन रंगांनी वेगळे करू नका. निळा-नारिंगी घ्या, किंवा एकाला अखंड बाण आणि दुसऱ्याला तुटक. चित्र एकदा करड्या रंगात बदलून बघा. अजूनही वाचता आलं तर झेरॉक्समध्येही वाचता येईल.

मंजुरीचे टप्पे आणि पैसे

काम तीन टप्प्यांत दाखवा: कापाचं कच्चं रेखाटन, पूर्ण रेषाचित्र, रंगीत चित्र. प्रत्येक टप्प्यावर लेखी होकार. दृष्टिकोन आणि काप पहिल्या टप्प्यातच पक्के होतात. रंग भरल्यावर ‘जरा उजवीकडून दाखवता येईल का’ असं कुणी म्हणालं तर ते नवीन चित्र आहे आणि त्याचे पैसे वेगळे, हे करारात आधीच असू द्या. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या किमतीत धरणं मला वाजवी वाटतं. रेषाचित्र इंजिनिअरकडे पाठवताना मोकळं ‘बघा कसं वाटतं’ असं न विचारता भागांची यादी पाठवा आणि प्रत्येकापुढे बरोबर-चूक करायला सांगा. शेरे नेमके येतात.

अंदाज देताना चित्राच्या आकारावर जाऊ नका, दिसणाऱ्या भागांच्या संख्येवर जा. माहिती गोळा करणं, रेषा, रंग, दुरुस्त्या यांचे तास वेगवेगळे मांडा. नवखा माणूस पहिल्या खात्यात नेहमी कमी तास धरतो, कॅड मिळालं नसेल तर ते दुप्पट करा. काम सुरू होण्याआधी काही रक्कम आगाऊ घ्या, आणि मधेच काम रद्द झालं तर किती मिळणार तेही लिहून ठेवा.

किंमत वापरावरही ठरते. एका माहितीपत्रकासाठी दिलेला परवाना आणि सगळ्या माध्यमांत कायमचे हक्क यांची किंमत एक असू शकत नाही. माध्यम, मुदत, प्रदेश, या तिन्ही गोष्टी करारात लिहा. गोपनीयतेचा करार असेल तर वस्तू बाजारात आल्यानंतर चित्र स्वतःच्या कामांत दाखवायची परवानगी त्यातच मागून घ्या. नंतर मागितली तर मिळायला फार वेळ जातो.

फाइल देताना

छपाईसाठी रंगीत चित्र अंतिम आकारात ३०० पीपीआय (इंचाला पिक्सेल), सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग), कागदाच्या कडेपर्यंत जात असेल तर ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कागद कापताना जाणारी जादा कड. नुसतं काळं-पांढरं रेषाचित्र पिक्सेलमध्ये द्यायचं असेल तर १२०० पीपीआय. वेक्टरमध्ये पीडीएफ, वेबसाठी एसव्हीजी. लेयरना ‘लेयर ४७’ न म्हणता भागाचं नाव द्या: केसिंग, कापलेले चेहरे, इंपेलर, शाफ्ट, सील, बाण, लेबलं. छपाईच्या फाइलमध्ये अक्षरं आकारांत (आउटलाइनमध्ये) बदला, पण स्वतःकडच्या मूळ फाइलमध्ये ती टाइप केलेलीच ठेवा. मूळ फाइल क्लायंटला द्यायची की नाही, हा किमतीचा प्रश्न आहे आणि तो आधीच ठरलेला असावा.

पहिली तीन चित्रं

अजून क्लायंट नसेल तर स्वतःलाच काम द्या, पण विमानाच्या इंजिनावर उडी मारू नका. हाताने उघडता येईल आणि पूर्ण समजेल अशी वस्तू निवडा. खटक्याचं बॉलपेन, पाण्याचा नळ, सायकलच्या चाकाचा हब. त्यातल्या एका वस्तूची दोन चित्रं करा, एक विकणाऱ्यासाठी आणि एक शिकणाऱ्यासाठी, काप वेगवेगळे घेऊन. खाली एकेक ओळ लिहा: हा काप इथे का घेतला. तिसरं चित्र शरीराचं किंवा भूगर्भाचं असू द्या, म्हणजे शैक्षणिक प्रकाशकाला दाखवायला काहीतरी राहील. रंगीत चित्राशेजारी त्याचं नुसतं रेषाचित्र आणि कापाची कच्ची रेखाटनंही ठेवा. तुम्ही निर्णय कसे घेता हे त्यावरूनच क्लायंटला दिसतं.